रजेवर आलेला शास्त्रज्ञ

गणपती जवळ आले की मंडळाच्या संपादकांचा फोन येतो आणि कामाचे कारण सांगून मी दरवर्षी सुटका करून घेतो. या वर्षी मात्र लेख मी आपणहून मागून घेतला. त्यामागे आमच्या घरातले एक भांडण आहे. ते आता मिटले आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

माझे बालपण अणुशक्तीनगरात गेले. वडील ट्रॉम्बेला नोकरीला होते. त्यामुळे डॉ. होमी भाभा हे नाव आमच्याकडे घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे घेतले जाई. पुढे मी इंजिनियर झालो, दोन वर्षांसाठी म्हणून चेन्नईला आलो आणि आपल्यापैकी बहुतेकांप्रमाणे पेरुंगुडीतच राहिलो. गेल्या वर्षी आमची कन्या बारावीला होती. तिने इंजिनियरिंगचा फॉर्म भरायला नकार दिला. तिला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचे होते. मी तिला भाभांचा दाखला दिला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण आधी इंजिनियर झाला, असे सुनावले. ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांचे चरित्र नीट वाचलेलेच नाही. तिचे म्हणणे खरे होते. मग मी वाचायला बसलो.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डस् भरपूर. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसावे, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. वर्षभरातच त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवले की धंदा किंवा इंजिनियरची नोकरी आपल्या स्वभावात बसत नाही, पदार्थविज्ञान हेच आपले क्षेत्र आहे.

जहांगीरजी रागावले नाहीत, आणि लगेच मानही तुकवली नाही. त्यांनी सौदा केला. आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च मी करीन. होमींनी १९३० साली इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवला आणि १९३२ साली गणितातही. वडिलांनी शब्द पाळला. मी ज्यांना माझ्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे केले होते, ते अर्धे तरी कन्येच्या बाजूचे निघाले!

त्या काळी युरोपातल्या तरुण शास्त्रज्ञांना एका कोड्याने पछाडले होते. १९१२ साली व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली आणि वर जावे तसा किरणांचा मारा वाढतो हे दाखवले. हे किरण आकाशातून येत होते. त्यांना विश्वकिरण म्हणतात. भाभांनी १९३३ साली पहिला शोधनिबंध लिहिला तो याच किरणांवर. झुरिकला पाउली आणि रोमला फर्मी यांच्याकडेही ते राहून आले.

१९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मिळून जे काम केले, त्याने त्यांचे नाव जगभर झाले. प्रचंड ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन हवेत शिरला की अणूच्या केंद्राजवळून जाताना तो गॅमा किरण फेकतो. त्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा गॅमा किरण फेकते. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत हजारो-लाखो कणांची सर खाली कोसळते. ऊर्जा वाटून वाटून संपत आली की सर ओसरते. किती खोलीवर किती कण सापडतील याचे गणित दोघांनी मांडले. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच सुमारास ते स्वतंत्रपणे मांडले होते. पण काही कण या गणितात बसेनात. ते जाड शिशातूनही आरपार जात. ते इलेक्ट्रॉनहून जड असले पाहिजेत, असे अनुमान निघाले. असे जड कण वेगात असताना अधिक काळ टिकतील, म्हणजे आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा होईल, हेही भाभांनी १९३८ साली सुचवले. मेसॉन हे नावही त्यांनीच पुढे केले. आज म्युऑन म्हणून ओळखला जाणारा तो जड कण आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशेबाने जात असतो. हा लेख वाचतानाही जात असेल.

१९३९ साली भाभा सुट्टीवर भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन होते. तिथे ते रीडर झाले आणि विश्वकिरणांचे संशोधन त्यांनी उभे केले. १९४१ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. युद्ध संपले की परत जावे, असे सुरुवातीला त्यांच्या मनात होते. पण हळूहळू मन पालटले. चांगली माणसे आणि साधने मिळाली तर आपल्या देशात राहून काम करणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांना वाटू लागले. हा भाग वाचताना मी थांबलो. थोड्या दिवसांसाठी आलेला माणूस कायमचा कसा राहतो, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. पण आपण राहिलो ते बहुधा घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा यांमुळे. भाभा राहिले ते आपल्याला हवी तशी संस्था इथे नव्हती म्हणून. ती त्यांनी स्वतःच काढली.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. १९६२ साली कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. मधल्या काळात १९४८ साली अणुऊर्जा आयोग आला आणि ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. तो इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण विश्वकिरण त्यांनी सोडले नाहीत. आपण चेन्नईहून बंगळूरला जातो तेव्हा वाटेत बंगारपेट लागते. तिथून जवळच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर त्यांच्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपकरणे लावली. वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो तिथे १९६५ साली जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह टिपले गेले. भाभांनी ते यश पाहिले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेले असताना एअर इंडियाचे कांचनजंगा विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि विमानातील सर्व ११७ जण गेले. भाभांचे वय छप्पन्न होते. माझे वय आज तेवढेच आहे.

हे किरण येतात कुठून, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९३४ साली बाडे आणि झ्विकी यांनी फुटणाऱ्या ताऱ्यांवर, म्हणजे सुपरनोव्हांवर, बोट ठेवले होते. पण पुरावा मिळेना. किरणांचे कण विद्युतभारित असतात. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात ते इतके वळत येतात की निघालेले गाव कळत नाही. गॅमा किरण मात्र सरळ येतात. फुटलेल्या ताऱ्याच्या धक्क्याने वेग घेतलेले प्रोटॉन जवळच्या वायूवर आदळले की पायॉन तयार होतात आणि त्यातून गॅमा किरण निघतात. त्यांची खास खूण फर्मी या अवकाश दुर्बिणीने मिथुन आणि गरुड या तारकासमूहांतल्या दोन सुपरनोव्हा अवशेषांत ओळखली. ते २०१३ साली जाहीर झाले. म्हणजे प्रोटॉन तिथे वेग घेतात. पण सर्वाधिक ऊर्जेचे किरणही अशाच अवशेषांतून येतात का, याचा निकाल अजून लागलेला नाही.

जमिनीवरून हे गॅमा किरण पाहायचे तर पुन्हा भाभाच आठवतात. असा किरण वातावरणात शिरला की त्यांनी गणितात मांडलेली सरच कोसळते आणि क्षणभर निळसर प्रकाश चमकतो. तो टिपणारी एकवीस मीटर व्यासाची मेस दुर्बीण भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले इथे उभारली. तिचे उद्घाटन २०२४ साली झाले. आपल्या उटीलाही टाटा संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. डोंगरउतारावर सुमारे चारशे उपकरणे रांगांनी मांडलेली आहेत. रात्रंदिवस ती या सरी मोजतात. उटीला आपण बोटिंग करून, चॉकलेट घेऊन परततो, आणि तिथे भाभांचा प्रश्न अजून सोडवला जात आहे याची मला कल्पनाही नव्हती.

शेवटी आमच्या घरचा निकाल. जहांगीरजींसारखा सौदा मी करून पाहिला. आधी इंजिनियरिंग कर, मग हवे ते शीक. कन्येने शांतपणे विचारले की चार वर्षांनी तुम्ही शब्द पाळाल, पण तोवर माझा उत्साह तसाच राहील याची हमी कोण देणार? मला उत्तर सुचले नाही. यंदा जूनपासून ती इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकते आहे. पुढे नोकरीचे काय, ही काळजी मला आहेच, ती लपवत नाही. भाभांच्या मागे टाटांचे घर होते, हिच्या मागे माझा पगार आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उटीला जाणार आहोत. ते बाहेरून तरी बघू देतील का, याची चौकशी तिने सुरू केली आहे.