कोळशाचा धूर ते पाण्याची वीज: जमशेटजी टाटांची गोष्ट

फोन चार्जिंगला लावताना वीज कुठून येते हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी गिरणीमालकाला तो रोज पडायचा. मशीन फिरवायला ताकद आणायची कुठून?

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी नवसारीत झाला. 1869 मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत विकूनही टाकली. पुढच्या गिरणीसाठी मात्र त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. कारण साधं होतं: कापूस जवळ आणि इंधनही जवळ. मुंबईत कोळसा लांबून आणावा लागायचा. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली.

तेव्हाची गिरणी चालायची कशी? बॉयलरखाली कोळसा जळायचा, वाफेवर एक मोठं इंजिन फिरायचं आणि त्याची ताकद लांबलचक दांडे आणि पट्ट्यांवरून प्रत्येक मशीनपर्यंत जायची. इंजिन बंद पडलं की सगळं ठप्प! शिवाय कोळशातली बरीचशी उष्णता वायाच जायची.

जमशेटजींनी सूत कातायला नवीन रिंग स्पिंडल आणले. मशीन बदललं, पण इंधन कोळसाच राहिलं. मग त्यांचं लक्ष गेलं लोणावळ्याच्या पावसाकडे. घाटमाथ्यावर पाणी साठवायचं, पाइपातून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला सोडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि वीज तारांवरून मुंबईला न्यायची.

ही वीज बघायला मात्र ते राहिले नाहीत. 19 मे 1904 रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. मुलगा दोराबजी यांच्या काळात 1910 मध्ये कंपनी उभी राहिली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. हळूहळू वाफेच्या इंजिनांची जागा मोटारींनी घेतली.

पण ही वीज फुकट नव्हती. पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तरीही धरण झालंच.

म्हणजे कारखान्यात मशीन पटकन बदलतं, ऊर्जा बदलायला मात्र एक आयुष्यही पुरत नाही. आज कारखान्यांवर सोलर पॅनल बसताना दिसले, तर हिशोब दोन्ही बाजूंनी करा: कोळसा किती वाचला आणि जमीन कोणाची गेली?