र. धों. कर्वे : रोगाला पाप न म्हणणारा माणूस

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या समाजातल्या लहान पोरालाही पाठ असते. १९५६ साली याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला धम्माची दीक्षा दिली. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, एक माणूस हे जग सोडून गेला. त्याची आठवण मात्र आपल्या विहारांत निघत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्याचे नाव. बाबासाहेबांनी काळा कोट घालून ज्याचा खटला लढवला, तो हा माणूस. त्याचा आणि आपला संबंध काय, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

आधी आमच्या पेशातली एक गोष्ट सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम १३ आहे. जोडीदाराला संसर्गजन्य गुप्तरोग असेल तर त्या कलमाखाली घटस्फोट मागता येतो. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण या कारणासाठी आलेल्या भगिनी आमच्यासमोर बसल्या की रोगाचे नाव त्यांच्या तोंडून निघत नाही. डॉक्टरची चिठ्ठी घडी घालून टेबलावर सरकवतात आणि भिंतीकडे बघत बसतात. रोग नवऱ्याने आणलेला, मान मात्र हिची खाली. ज्या रोगापायी संसार मोडायची सोय कायद्याने केली, त्या रोगापासून वाचावे कसे, हे तिला शाळेत, घरात, दवाखान्यात कुणीच सांगितलेले नसते. हे सांगण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी कर्व्यांनी हाती घेतले होते.

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरूडचा. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. रघुनाथ लहान असतानाच, १८९१ साली, आई राधाबाई वारल्या. वडिलांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि सनातन्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. समाज माणसाला कसा वाळीत टाकतो, हे मुलाने घरातच पाहिले. शिक्षण पुण्यात झाले, पुढे मुंबईत गणिताचे प्राध्यापक झाले. अधिक शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तिथे लैंगिक प्रश्नांवर लोक मोकळेपणाने लिहितात, वाचतात, चर्चा करतात हे त्यांनी पाहिले. परत आले ते एक निश्चय करूनच. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती, आणि याचे श्रेय एकट्या कर्व्यांचे आहे.

१९२३ साली त्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिले. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तकही त्यांचेच. विल्सन कॉलेजात नोकरी होती. हे काम आणि प्राध्यापकी एकत्र चालायची नाही, असा पेच आला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली, काम सोडले नाही. त्यानंतर आयुष्यभर पैशाची ओढाताण. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसाराला हातभार लावला. मूल होऊ द्यायचे नाही असे दोघांनी मिळून ठरवले आणि कर्व्यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. आजही आपल्या वस्त्यांत हे ऑपरेशन बाईनेच करायचे असे पुरुष धरून चालतात. त्या काळात या माणसाने ते स्वतःचे करून घेतले होते!

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. हे वर्ष आपल्याला वेगळे सांगायला नको. मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले, डिसेंबरात मनुस्मृती जळाली. एकीकडे पाण्यावरचा विटाळ मोडला जात होता, दुसरीकडे एक माणूस शरीरावरचा विटाळ मोडायला निघाला होता.

कर्व्यांचे म्हणणे साधे होते. गुप्तरोग हा रोग आहे. तो पापाचे फळ नाही, पूर्वजन्मीचे कर्म नाही, देवीचा कोप नाही. तो जंतूंमुळे होतो. जंतूला जात नसते आणि लग्नाचा दाखलाही तो मागत नाही. परम्याचा जंतू १८७९ मध्ये आणि गरमीचा १९०५ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढला होता. मग रोगी पापी कसा ठरतो? आणि तो पापी ठरला की लपतो, लपला की उपचार घेत नाही, आणि उपचार घेतला नाही की रोग घरी नेतो. रोग पसरतो तो या लपवालपवीतून.

हे रोग वागतात कसे, ते थोडे समजून घेऊ. गरमीत आधी एक न दुखणारी जखम होते. काही आठवड्यांत ती आपोआप भरते. माणूस म्हणतो, बरे झाले. पण जंतू अंगातच असतो. वर्षानुवर्षे दडून तो पुढे हृदयावर, मेंदूवर घाव घालतो. गरोदर बाईला ही लागण असेल तर गर्भ पडतो, मूल मृत जन्मते किंवा रोग घेऊनच जन्माला येते. परम्यात पुरुषाला लघवीला आग होते, पू जातो, म्हणून त्याला कळते. बाईला मात्र बहुतेक वेळा काहीच कळत नाही. आतल्या आत गर्भनलिका बंद होतात आणि मूल राहत नाही. मग सासर तिला वांझ ठरवते. नवऱ्याने बाहेरून आणलेल्या जंतूमुळे किती बायकांनी वांझपणाचा शिक्का कपाळावर घेतला असेल आणि किती घरांत दुसरी सून आली असेल, याची कोण मोजदाद करणार?

कर्व्यांच्या उमेदीच्या काळात उपचार अवघड होते. गरमीवर सोमलापासून बनवलेली इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागत. पेनिसिलीन या रोगावर चालते हे १९४३ साली दिसून आले. म्हणून त्यांचा सारा भर रोग होऊच नये यावर होता. निरोधाचा वापर, स्वच्छता आणि शंका आली की लाज न बाळगता डॉक्टर गाठणे, हे ते सांगत. वाचक प्रश्न पाठवत आणि कर्वे मासिकातून उत्तरे देत. ज्यांना जगात दुसरे कुणी विचारायला नव्हते, त्यांना हे पान होते.

सनातन्यांना तेच खुपले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला. या वेळी आक्षेप होता वाचकांना दिलेल्या उत्तरांवर. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी संबंधांचे होते. आणि कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर.

बाबासाहेबांच्या पाठीशी तेव्हा काय कमी कामे होती? गोलमेज परिषदा, पुणे करार, काळाराम मंदिराचा लढा, सगळे अंगावर होते. या खटल्यातून त्यांना मते मिळणार नव्हती, उलट बदनामीच व्हायची. तरी ते उभे राहिले, कारण प्रश्न ज्ञानाच्या हक्काचा होता. ज्ञानबंदी म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार! लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असेल तर वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि कोणाच्या मनात विकृती असलीच तर ती ज्ञानाने जाते, दडपून जात नाही, असे त्यांनी मांडले. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचा आधार दिला. कोर्टाने ऐकले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

खटला हरला, पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक बाबतीत दोघांची वाट एक नव्हती. कर्व्यांनी 'वेश्याव्यवसाय' हे पुस्तक लिहिले. त्यांची दृष्टी व्यक्तीच्या स्वातंत्र्याची आणि आरोग्याची होती. बाबासाहेबांना मात्र त्या बाजारात जात दिसत होती. देवीच्या नावाने कुणाच्या मुली सोडल्या जातात आणि त्या शेवटी कामाठीपुऱ्यात कशा पोचतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या, देवदासी यांच्या सभेत त्यांनी हे जिणे सोडून स्वाभिमानाने जगा असे बजावले. आम्हाला वाटते, आज या दोन्ही दृष्टी हव्यात. मुलगी देवीला सोडणारी प्रथा मोडायचीच आहे, आणि ती मोडेपर्यंत त्या बाईचा औषधाचा आणि सन्मानाचा हक्कही नाकारायचा नाही.

कर्व्यांच्या नंतर कायदा हळूहळू त्यांच्या बाजूला सरकला. शास्त्र, साहित्य व ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या लेखनाला अश्लीलतेच्या कलमातून सूट देणारी दुरुस्ती १९६९ साली झाली. ती १९३४ साली असती तर बाबासाहेबांचे काम बरेच सोपे झाले असते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी ३७७ कलमातली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. त्याच वर्षी एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा अमलात आला.

पण समाज सरकला का? १९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्ही रुग्ण सापडले, तेव्हा तोच जुना पापाचा शिक्का पुन्हा बाहेर निघाला. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध ओरड झाली आणि ते रोखले गेले. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, त्याचा आनंदच आहे. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या.

म्हणून बांधवांनो आणि भगिनींनो, आठवण काढायची तर कृतीने काढू या. रेल्वेच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचून तंबूतल्या वैदूकडे जाऊ नका. जिल्हा रुग्णालयात, मोठ्या सरकारी दवाखान्यांत या रोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते, तिथे जा. गरमी आणि परमा आज औषधाने बरे होतात. पण उपचार नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यावा लागतो आणि औषध पुरते घ्यावे लागते, नाहीतर रोग पुन्हा परत येतो. एचआयव्ही बरा होत नाही, पण रोज गोळ्या घेणारा माणूस दीर्घकाळ चांगले जगतो. गरोदर बाईची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी पहिल्या महिन्यांतच करून घ्या. निरोध वापरण्यात कमीपणा नाही. फोनवर माहिती हवी तर १०९७ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आणि पुढच्या १४ ऑक्टोबरला विहारात त्रिशरण-पंचशील झाल्यावर एक तास एखाद्या डॉक्टर भगिनीला बोलवा. तरुण मुलामुलींना चिठ्ठीवर प्रश्न लिहून देऊ द्या, नाव न घालता. कुणी हसणार नाही याची जबाबदारी वडीलधाऱ्यांनी घ्यावी. १९३४ साली बाबासाहेब कोर्टात ज्या हक्कासाठी भांडले, तो प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क आपल्याच पोरांना आपल्याच विहारात मिळाला, तर तो हरलेला खटला आपण जिंकला असे म्हणता येईल.