विश्लेषण : बुलढाण्यातल्या पंपाला वीज देणाऱ्या ग्रीडशी डॉ. आंबेडकरांचं नातं काय?

बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी पंप सुरू करतो, तेव्हा येणारी वीज फक्त शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारस केंद्राची नसते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा या राज्यांतली केंद्रं एकाच ग्रीडवर आहेत. प्रांतांच्या हद्दीपलीकडे जाऊन विजेचा विचार करणाऱ्या सुरुवातीच्या धोरणकर्त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

अर्थशास्त्रातून विजेकडे

14 एप्रिल 1891 रोजी महू इथे जन्मलेल्या आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र शिकलं. लहान शेतजमिनींवर 1918 मध्ये लिहिताना शेतीवरचा भार उद्योगांनी हलका करावा, असं त्यांनी मांडलं. उद्योगांना वीज लागणारच होती.

मजूर खात्यात काय केलं?

1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. वीज आणि पाटबंधारेही याच खात्याकडे होते. वीज सरकारी असावी की खासगी, केंद्राची की प्रांतांची, हे प्रश्न त्यांनी 1943 मध्ये धोरण समितीपुढे ठेवले. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. बंगाल आणि बिहारला जोडणाऱ्या दामोदर खोरे योजनेलाही त्यांनी चालना दिली. 1946 मध्ये ते मंडळातून बाहेर पडले. 1948 च्या वीज (पुरवठा) कायद्याने राज्य वीज मंडळं आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाची तरतूद केली. राज्यघटनेतही वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे राहिली.

आज गणित कसं जुळतं?

6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचं निधन झालं. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिण विभाग जोडला गेला आणि देशाची ग्रीड एक झाली. तरी सगळे निर्णय दिल्लीत होत नाहीत. राज्याचं भार प्रेषण केंद्र दर 15 मिनिटांसाठी उत्पादनाचं वेळापत्रक ठरवतं आणि स्वस्त वीज आधी घेतं. विकेंद्रित गणनाची पद्धत याच्या पुढे जाते. प्रत्येक विभाग आपलं गणित स्वतः सोडवतो, शेजाऱ्याला फक्त सीमेवरचा भाव आणि प्रवाह कळवतो. दोघांचे आकडे जुळेपर्यंत ही देवाणघेवाण चालते.

शेतकऱ्याला काय फरक पडतो?

जवळचा संच बंद पडला तर दूरची वीज मदतीला येते. मात्र समन्वय चुकला तर बिघाडही पसरतो. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभाग अंधारात गेले, पश्चिम विभाग मात्र वाचला. केंद्राने किती ठरवायचं आणि राज्यांनी किती, हा 1943 चा प्रश्न म्हणूनच आजही महत्त्वाचा आहे.