चार्ल्स टेलर (विमान यंत्रज्ञ)

चार्ल्स एडवर्ड टेलर (जन्म : २४ मे १८६८, मृत्यू : ३० जानेवारी १९५६) हे अमेरिकन यंत्रकारागीर होते. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचे इंजिन त्यांनी घडवले आणि पुढे अनेक वर्षे त्या बंधूंच्या विमानांची निगा राखली. विमान देखभाल या व्यवसायाचे ते आद्य पुरुष मानले जातात. विमानाच्या शोधाची कथा दोन भावांपाशीच संपवण्याचा प्रघात असल्याने तिच्यातील हा तिसरा माणूस सहसा अंधारातच राहतो.

पूर्वायुष्य

टेलर यांचा जन्म इलिनॉय राज्यातील सेरो गोर्डो या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी राहावयास गेले. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून ते एका वृत्तपत्राच्या कचेरीत निरोप्याचे काम करू लागले. पुढे त्याच वृत्तपत्राच्या पुस्तकबांधणी विभागात त्यांना काम मिळाले. तंत्रशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला नव्हता. लेथ, कानस आणि छिन्नी हाताळता हाताळता त्यांचा हात बसत गेला. १८९४ साली हेन्रिएटा वेबर्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८९६ साली हे दांपत्य ओहायो राज्यातील डेटन येथे आले. शेतीची अवजारे व सायकली बनवणाऱ्या एका कारखान्यात टेलर यांनी तेथे नोकरी धरली. राइट बंधूंच्या सायकल दुकानाची जागा हेन्रिएटा यांच्या नातलगांच्या मालकीची होती. दोन्ही घरांचा परिचय त्यातून झाला.

राइट बंधूंकडे नोकरी

जून १९०१ मध्ये राइट बंधूंनी टेलर यांना आठवड्याला १८ डॉलर पगारावर नेमले. हे दोघे ग्लायडरच्या चाचण्यांसाठी किटी हॉक येथे जात, तेव्हा दुकान सांभाळणे आणि सायकली दुरुस्त करणे हे टेलर यांचे काम होते. बंधूंची बहीण कॅथरिन हिचे मात्र त्यांच्याशी फारसे पटत नसे.

विमानाला लागणारे हलके इंजिन मोटार बनवणाऱ्या कंपन्यांकडून मिळेना, तेव्हा ते दुकानातच बनवण्याचे ठरले. पेट्रोल इंजिनाचा टेलर यांचा पूर्वानुभव एका मोटारीच्या दुरुस्तीपुरता होता. सविस्तर आराखडा नव्हता. कागदाच्या कपट्यावर भागाचे कच्चे रेखाटन करायचे आणि त्यावरून तो भाग घडवायचा, अशी रीत होती. यंत्रे म्हणावीत तर एक लेथ आणि एक ड्रिल मशीन. सर्वांत अवघड भाग क्रँकशाफ्टचा होता. पोलादाच्या जाड पाटावर त्याची आकृती आखून टेलर यांनी कडेने ओळीने भोके पाडली, मधला नको असलेला भाग छिन्नीने तोडून काढला आणि उरलेला तुकडा लेथवर चढवून १९ पौंडांपर्यंत उतरवला. इंजिनाचे धड वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियममध्ये ओतवून घेतले. सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे, सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन तयार झाले. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत बेअरिंग अडकून ते धड फुटले आणि नवे ओतून घ्यावे लागले.

त्या वर्षाच्या अखेरीस किटी हॉक येथे पंख्यांचे दांडे तडकले, तेव्हा ते दुरुस्तीसाठी डेटनला टेलर यांच्याकडेच पाठवण्यात आले. १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान प्रथम उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते. टेलर त्या वेळी डेटनलाच होते.

देखभालीचे काम

१९०४ व १९०५ साली डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणावर उड्डाणे होऊ लागली आणि टेलर यांच्या कामाचे स्वरूप बदलले. इंजिन एकदा घडवून भागत नव्हते. प्रत्येक उड्डाणाआधी ते पाहणे आणि प्रत्येक आपटीनंतर विमान पुन्हा उभे करणे आले. आज ज्याला विमान देखभाल म्हणतात त्याची ही सुरुवात होय.

१७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे ऑरव्हिल राइट चालवत असलेले विमान कोसळले आणि सहप्रवासी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावले. यंत्रचलित विमानाच्या अपघातातील हा पहिला मृत्यू होता. टेलर ढिगाऱ्याकडे धावून गेले व नंतर ओक्साबोक्शी रडले. पुढे मोडलेल्या विमानाची तपासणीही त्यांनी केली. पंख्याच्या पात्याला तडा गेल्याने हा अपघात घडला होता.

१९११ साली कॅल रॉजर्स यांनी ‘विन फिझ’ या विमानातून अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्याकडे टप्प्याटप्प्याने उड्डाण केले. टेलर दिवसाला १० डॉलरवर त्यांचे मेकॅनिक झाले. सुटे भाग घेऊन खास आगगाडी सोबत जात होती. वाटेत इतक्या आपट्या बसल्या की पॅसाडीना येथे पोहोचेपर्यंत मूळ विमानाचे फारच थोडे भाग शिल्लक होते. टेलर यांना स्वतः वैमानिक होण्याची इच्छा होती. राइट बंधूंनी तिला उत्तेजन दिले नाही.

उत्तरायुष्य

१९२८ साली टेलर कॅलिफोर्नियात गेले. तेथे जमिनीत गुंतवलेली पुंजी बुडाली. मंदीच्या काळात ते नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत तासाच्या मजुरीवर कामाला होते आणि आपला पूर्वेतिहास त्यांनी सोबत्यांना सांगितला नव्हता. राइट बंधूंचे दुकान आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यासाठी हेन्री फोर्ड यांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा काही वर्षांपुरते त्यांना जुने काम परत मिळाले. १९४५ साली हृदयविकाराचा झटका आल्यावर नोकरी सुटली. ऑरव्हिल राइट यांनी मृत्युपत्रात त्यांना वर्षाला ८०० डॉलर ठेवले होते. महागाईत ते पुरेनात. अखेरच्या काळात ते धर्मादाय रुग्णकक्षात आढळले. ही बातमी छापून आल्यावर विमान उद्योगातील लोकांनी निधी जमवून त्यांची सोय केली. ऑरव्हिल यांच्या निधनाला बरोबर आठ वर्षे झाली त्याच तारखेला टेलर यांचे निधन झाले.

स्मृती आणि आजचे प्रशिक्षण

अमेरिकेत २४ मे हा टेलर यांचा जन्मदिवस विमान देखभाल तंत्रज्ञ दिन म्हणून पाळला जातो. पन्नास वर्षे हे काम केलेल्या मेकॅनिकना तेथील शासन टेलर यांच्या नावाचा पुरस्कार देते.

टेलर यांच्यासारखे केवळ कामातून शिकून आज या व्यवसायात येता येत नाही. भारतात बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यास, प्रत्यक्ष विमानावरील कामाचा अनुभव आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा अशा पायऱ्यांनी परवाना मिळतो. खानदेशात धुळ्याजवळील गोंदूर धावपट्टीवर मुंबई फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमाने उडतात. त्यांचीही ठरावीक तासांनी तपासणी होते आणि दुरुस्तीनंतर परवानाधारकाची सही झाल्याशिवाय विमान पुन्हा उड्डाणास सोडता येत नाही.

टेलर यांची समाधी लॉस एंजेलिस परिसरातील वलहाला स्मशानभूमीत, जुन्या वैमानिकांच्या स्मारकवास्तूत आहे. बरबँकचा विमानतळ तेथून अगदी जवळ आहे.