तांबटाच्या हातचं वेरूळ

तांबट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घागरी नि तपेली येतात. पण मैत्रिणींनो, सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या एका तांबटाने वेरूळ-कार्ल्याची लेणी कागदावर उतरवली. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट त्याचं नाव. कलेच्या अभ्यासकांत ते मोठं आहे, आपल्या घरांत फारसं पोचलेलं नाही.

सवाई माधवरावांचा काळ. पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने गंगारामचा हात हेरला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगारामने १७९० मध्ये चितारला. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार पुण्यात आला, शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम त्याच्या हाताखाली शिकला.

मॅलेटने त्याला वेरूळला पाठवलं. अंधाऱ्या लेण्यातले खांब, त्यांच्या माथ्यावरची नक्षी, मूर्ती, मागे विरत जाणारी सावली, हे सगळं त्याने शाई आणि पातळ जलरंगात धरलं. आपल्या जुन्या चित्रांत खांब सपाट दिसतात, याच्या कागदावर लेण्यात आत शिरल्यासारखं वाटतं. दर्यापूरजवळच्या लासूरला आनंदेश्वराच्या मंदिरात मी एकदा वही घेऊन बसले होते. डोळ्यांना खांब एकदम दिसतो हो, पण हाताला एकेक कंगोरा मोजावा लागतो. पाऊण तासात माझा एक कोपरासुद्धा पुरा झाला नाही!

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्सही वारला. चित्रशाळेचे दोन्ही आधार महिनाभरात तुटले. मॅलेट १७९८ मध्ये विलायतेला परतला. १७९९ मध्ये त्याने वेल्सचीच मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं. चित्रंही त्याच्यासोबत समुद्रापार गेली. १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या चित्रांचं भलंमोठं पुस्तक निघालं, पण त्यावर नाव वेल्स आणि डॅनिएलचं.

आमच्या बचतगटाचे पापड एका दुकानदाराने स्वतःच्या नावाच्या पिशवीत भरून विकले होते, तेव्हा बायका किती तळमळल्या! गंगारामला काय वाटलं असेल, कोण जाणे.

त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिथल्या नोंदीत मात्र चित्रकार म्हणून नाव आहे, गंगाराम चिंतामण तांबट.