अन्यूरिन बेव्हन : रुग्णांचा कैवारी

राष्ट्राचें सामर्थ्य कशांत आहे असें कोणी विचारलें, तर बहुतेक लोक सैन्य, आरमार आणि तोफा ह्यांच्याकडे बोट दाखवितील. परंतु ज्या देशांत खाणींतील मजूर खोकून खोकून प्राण सोडतो व त्याच्या मुलाबाळांना औषधाअभावीं तळमळावें लागतें, त्या देशाच्या तोफा कोणाचें रक्षण करितात, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. हा दुसरा प्रश्न आयुष्यभर विचारणारे, आणि त्याच्यासाठीं हातचें मंत्रिपद सोडून देणारे पुरुष म्हणजे ब्रिटनमधील मजूरपक्षाचे पुढारी अन्यूरिन बेव्हन हे होत.

वेल्समधील ट्रेडेगर ह्या गांवीं १५ नोव्हेंबर १८९७ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील डेव्हिड बेव्हन हे कोळशाच्या खाणींत काम करीत. घरांत दहा मुलें जन्मलीं. पण त्यांतील कांहीं लहानपणींच दगावलीं. शाळेंत अन्यूरिन हुशार म्हणून मुळींच गाजला नाहीं. बोलतांना तो अडखळत असे व मुख्याध्यापकांशीं त्याचें पटत नसे. तेराव्या वर्षीं त्याची शाळा सुटली आणि तो खाणींत उतरला. परंतु शाळा सुटली तरी विद्येची गोडी सुटली नाहीं. गांवांत मजुरांच्या संस्थेचें एक चांगलें वाचनालय होतें. दिवसभर श्रमून आल्यावर तेथील पुस्तकें तो अधाशासारखीं वाची. गांवाबाहेरच्या टेकड्यांवर एकटाच फिरत मोठमोठ्यानें कविता म्हणून त्यानें आपल्या अडखळण्यावर मात केली. पुढें ज्याच्या वक्तृत्वाचा पार्लमेंटांत दरारा होता, तो वक्ता असा स्वकष्टानें घडला, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

खाणकामगारांच्या संघानें दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१९ ते १९२१ पर्यंत त्यांनीं लंडन येथें शिक्षण घेतलें. परत आल्यावर त्यांना काम मिळेना. बेकारीचे चटके त्यांनीं स्वतः सोसले. १९२५ सालीं वडील वारले. वर्षानुवर्षें कोळशाची धूळ छातींत साचून त्यांचीं फुप्फुसें निकामी झालीं होतीं. तो रोग त्या वेळच्या कायद्यांत धंद्यामुळें होणारा रोग म्हणून गणला जात नसल्यानें कुटुंबाला भरपाई मिळाली नाहीं. हा आघात बेव्हन कधीं विसरले नाहींत.

त्याच गांवांत मात्र त्यांना एक आशेचा मार्गहि दिसला. ट्रेडेगर येथील मजुरांनीं एक वैद्यकीय साहाय्य संस्था स्थापिली होती. मजुरीच्या दर पौंडामागें तीन पेन्स इतकी वर्गणी प्रत्येकानें द्यावयाची आणि त्या बदल्यांत डॉक्टर, औषध व इस्पितळ ह्यांची सोय सर्व कुटुंबाला मिळावयाची, अशी ती व्यवस्था होती. धडधाकट असतांना सर्वांनीं थोडथोडें द्यावें, म्हणजे आजारांत कोणीहि उघडा पडत नाहीं, हा धडा बेव्हन ह्यांनीं तेथें गिरविला. इस्पितळाच्या समितीवर काम करून त्यांनीं त्यांतील खांचाखोंचाहि जाणून घेतल्या.

१९२९ सालीं ते एबू व्हेल मतदारसंघांतून पार्लमेंटांत निवडून गेले व मरेपर्यंत तेथूनच निवडून येत राहिले. १९३४ सालीं जेनी ली ह्या तडफदार कार्यकर्तीशीं त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या महायुद्धांत चर्चिलसारख्या मातबर प्रधानमंत्र्यावरहि त्यांनीं निर्भीडपणें टीका केली. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे ते पुरस्कर्ते होते. युद्ध संपत आलें असतां १९४५ च्या निवडणुकींत मजूरपक्ष विजयी झाला आणि प्रधानमंत्री ॲटली ह्यांनीं ४७ वर्षांच्या बेव्हन ह्यांस आरोग्यमंत्री नेमिलें.

त्या काळीं ब्रिटनमध्यें कांहीं इस्पितळें धर्मादाय होतीं, तर कांहीं नगरपालिकांचीं. विम्याचा लाभ कामावर जाणाऱ्या मजुराला मिळे; त्याच्या बायकामुलांना बहुधा मिळत नसे. १९४६ च्या कायद्यानें बेव्हन ह्यांनीं हीं सर्व इस्पितळें राष्ट्राच्या ताब्यांत घेतलीं आणि उपचाराचा खर्च मुख्यतः करांतून करण्याचें ठरविलें. योगायोग असा कीं, त्याच १९४६ सालीं हिंदुस्थानांतहि सर जोसेफ भोर ह्या नाशिक येथें जन्मलेल्या गृहस्थांच्या समितीनें आपला अहवाल सादर केला, आणि पैसे नाहींत म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये असें त्यांत मांडिलें.

ह्या सुधारणेला सर्वांत मोठा विरोध डॉक्टरांचाच झाला. आपण सरकारचे पगारी नोकर होऊं, अशी त्यांना भीति वाटत होती. फेब्रुवारी १९४८ मध्यें त्यांच्या संघटनेनें मतें घेतलीं, तेव्हां मत देणाऱ्या दहांपैकीं सुमारें नऊ डॉक्टर योजनेच्या विरुद्ध गेले. बेव्हन ह्यांनीं मूळ तत्त्व सोडलें नाहीं. पण तपशिलांत मात्र ते नमले. मोठ्या तज्ज्ञांना खासगी रुग्ण तपासण्याची मुभा दिली व सामान्य डॉक्टरांवर पगारी नोकरी लादणार नाहीं अशी हमी दिली. अखेर ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पहिल्याच वर्षीं ५० लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. इतकीं माणसें आजवर अंधुक दृष्टीनेंच कशीबशी दिवस कंठीत होतीं, हें त्यावरून जगाला कळून आलें. पण अंदाजापेक्षां खर्चहि पुष्कळ वाढला.

इतक्यांत जून १९५० मध्यें दूर पूर्वेस कोरियांत युद्ध पेटलें. अमेरिकेच्या बाजूनें ब्रिटननें सैन्य धाडिलें. भारतानें लढाऊ सैन्य न पाठवितां ६० वें पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हें वैद्यकीय पथक तेवढें पाठविलें. जानेवारी १९५१ मध्यें ब्रिटिश सरकारनें तीन वर्षांत ४७० कोटी पौंड शस्त्रसज्जतेवर खर्चण्याचें जाहीर केलें. हा पैसा उभारतांना अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल ह्यांनीं एप्रिलच्या अंदाजपत्रकांत चष्मे आणि दांतांच्या कवळ्या ह्यांची निम्मी किंमत रुग्णांकडून घेण्याचें सुचविलें. त्यांतून त्या वर्षीं मिळणार होते अवघे १ कोटी ३० लाख पौंड!

बेव्हन त्या वेळीं मजूरमंत्री होते. ते शांततावादी नव्हते. कोरियांत सैन्य पाठविण्यास त्यांनीं विरोध केला नव्हता, आणि शस्त्रसज्जतेचें समर्थनहि त्यांनीं पार्लमेंटांत केलें होतें. पण इतकीं शस्त्रें बनविण्यास लागणारा कच्चा माल, यंत्रें व कारागीर देशापाशीं नाहींत. जो पैसा धड खर्चहि होणार नाहीं, त्याच्यासाठीं आजाऱ्याच्या खिशांत हात घालणें अन्यायाचें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. मोफत उपचाराच्या भिंतीला एकदां भगदाड पडलें कीं तें मोठें होत जाणार, अशीहि त्यांना धास्ती होती. गेट्सकेल ह्यांची बाजूहि अगदींच पोकळ नव्हती. मित्रराष्ट्रांना दिलेला शब्द पाळणें आणि आरोग्यसेवेच्या खर्चाला कोठें तरी मर्यादा घालणें हें अर्थमंत्र्याचें कर्तव्यच होतें. शिवाय १९४९ सालीं औषधांवर शुल्क घेण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यास स्वतः बेव्हन ह्यांनींच मान तुकविली होती. तरीहि २२ एप्रिल १९५१ रोजीं त्यांनीं राजीनामा दिला. त्यांच्यामागोमाग हॅरॉल्ड विल्सन व जॉन फ्रीमन हेहि बाहेर पडले. पक्षांत फूट पडली आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें मजूरपक्ष निवडणूक हरला. पुढें सत्तेवर आलेल्या चर्चिल ह्यांच्या सरकारला शस्त्रसज्जतेचा तो कार्यक्रम ठरल्या मुदतींत पुरा होणें अशक्य दिसून आलें व त्यांनीं तो लांबणीवर टाकिला. बेव्हन ह्यांचा हिशेब खरा ठरला. पण १९५२ सालीं औषधपत्रांवरहि शुल्क बसलें आणि त्यांची धास्तीहि खरी ठरली.

१९५६ सालीं ब्रिटन व फ्रान्स ह्यांनीं सुवेझ कालव्यासाठीं ईजिप्तवर सैन्य धाडिलें, तेव्हां लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत जमलेल्या प्रचंड सभेपुढें बेव्हन ह्यांनीं त्या कृत्याचा कडक निषेध केला. त्यांच्या अंगीं दोषहि होते. जिभेला लगाम नसे. आरोग्यसेवा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशीं प्रतिपक्षाविषयीं काढलेल्या कठोर उद्गारांनीं त्यांनीं स्वतःच्याच पक्षाला अडचणींत आणिलें होतें. परंतु गरिबांविषयींची त्यांची कळकळ शेवटपर्यंत मंदावली नाहीं.

६ जुलै १९६० रोजीं, आरोग्यसेवेला बारा वर्षें पुरीं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. त्यांची रक्षा ट्रेडेगरच्या माथ्यावरील टेकड्यांवर विखुरण्यांत आली. त्यांनीं उभारिलेली सेवा आजहि चालू आहे, आणि त्यांच्या वेल्समध्यें तर २००७ पासून औषधपत्रांवरील शुल्कहि उठविण्यांत आलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, राज्याच्या अंदाजपत्रकांतील आकडे रुक्ष वाटतात. पण त्या प्रत्येक आकड्याआड कोणाची तरी दृष्टि, कोणाचा तरी श्वास असतो. उद्यां नागरिक ह्या नात्यानें तुम्हांलाहि ते आकडे तोलावे लागतील. त्या वेळीं तोफांच्या पारड्यासमोर रुग्णाचें पारडें ठेवून पाहण्यास विसरूं नका. खाणींत वाढलेल्या ह्या मंत्र्याच्या चरित्रापासून एवढें शिकलों, तरी तें पुष्कळ आहे.