थंडीचे यंत्र घडविणारे प्राध्यापक : कार्ल फॉन लिंडे



वैशाखात सकाळचे दूध दुपारी नासते, रात्रीचे कालवण सकाळी आंबते, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. तेच पदार्थ फ्रिजमध्ये ठेवले तर दोन-तीन दिवस टिकतात. याचे कारण काय, आणि ही थंडी भरवशाने निर्माण करण्याचे श्रेय ज्यांना मोठ्या प्रमाणात जाते ते लिंडे कोण, हे आपण पाहू.

कार्ल लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, बर्नडॉर्फ या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात नऊ भावंडे. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे अशी घरची अपेक्षा होती. पण त्याचा ओढा यंत्रांकडे होता. १८६१ साली तो झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणारे क्लाउसियस तेथे त्याला शिकवीत होते.

परंतु १८६४ साली विद्यार्थ्यांच्या एका चळवळीत भाग घेतल्यामुळे त्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. हाती पदवी नाही आणि घरची स्थिती बेताची! पालकहो, अशा वेळी आपल्यापैकी किती जणांनी त्या मुलाचे आयुष्य वाया गेले असे म्हटले असते? लिंडे मात्र खचले नाहीत. त्यांनी कापडगिरणीत उमेदवारी केली, नंतर बर्लिनच्या कारखान्यात काम केले आणि १८६६ साली म्युनिकच्या आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात ते आले. हातात हातोडा असला तरी पुस्तक सुटले नव्हते. म्हणूनच १८६८ साली म्युनिकला नवी तंत्रशिक्षण संस्था निघाली तेव्हा सव्वीस वर्षांच्या या पदवीहीन तरुणाला तेथे शिकविण्यास बोलावले गेले. १८७२ साली ते पूर्ण प्राध्यापक झाले. डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल हा त्यांचाच विद्यार्थी.

त्या काळी थंडी म्हणजे निसर्गाचा बर्फ. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून लाद्या कापून त्या भुशात साठवीत. १८३३ साली तर असा बर्फ अमेरिकेतून जहाजाने कलकत्त्याला आला, आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. हिवाळा सौम्य गेला की बर्फाचा तुटवडा पडे. बर्फ करणारी यंत्रे लिंडे यांच्या आधीही निघाली होती, पण ती खर्चिक होती. एवढ्या शक्तीत जास्तीत जास्त किती थंडी मिळू शकेल, याचा हिशेब लिंडे यांनी उष्णतेच्या नियमांवरून मांडला आणि १८७० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला.

हे यंत्र चालते कसे? हातावर स्पिरिट लावले की ते उडताना गार वाटते, कारण द्रवाची वाफ होताना तो जवळची उष्णता शोषून घेतो. अमोनिया तर उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. नळ्यांत त्याची वाफ झाली की भोवतालची जागा थंड पडते. मग पंप ती वाफ दाबतो, बाहेरच्या नळ्यांत ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते, आणि हे चक्र अखंड चालू राहते. फ्रिजच्या मागची बाजू गरम का लागते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल : आतली उष्णता तेथून बाहेर पडते.

लिंडे यांचे पहिले यंत्र मनासारखे झाले नाही. त्यांनी रचना बदलली, अमोनिया वापरला, आणि १८७६ साली यंत्र यशस्वी झाले. पहिली गिऱ्हाइके होती बिअरचे कारखानदार. आपल्याला त्या पेयाशी कर्तव्य नाही. पण त्याच यंत्राने पुढे मांस आणि इतर अन्न साठविणारी शीतगृहे उभी राहिली. १८७९ साली लिंडे यांनी प्राध्यापकाची सुरक्षित जागा सोडून कंपनी काढली, तेव्हा पदरी मुलेबाळे होती. पुढे ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. १८९५ साली त्यांनी हवेचाच द्रव केला आणि नंतर त्यातून प्राणवायू वेगळा काढण्याची रीत बसविली. १८९७ साली सरदारकीचा 'फॉन' त्यांच्या नावात आला. १९३४ साली, ९२ व्या वर्षी, ते निवर्तले.

आता अन्नाचे रहस्य. अन्न नासविणारे जंतू उबेत भराभर वाढतात. पाच अंशांच्या खाली त्यांची वाढ फार मंदावते. लक्षात ठेवा, थंडी जंतूंना मारीत नाही, फक्त रोखून धरते. म्हणून नासलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवून सुधारत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि खाताना चांगले कढवावे.

मित्रांनो, लिंडे यांची पदवी हुकली, विद्या हुकली नाही. परीक्षेत अडखळलेल्या मुलाला, पालकहो, कामाला जरूर लावा. पण त्याच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नका.